अठरा बाय चोवीस

पडल्यावर आधी काय केलंत, वकिलांनी विचारलं.
खरं सांगायचं तर साडी सारखी केली.
मग पिशवीतला ब्लाउज पाण्यात गेला का ते बघितलं:
मुचंडीबाईंच्या मुलीचा, मोतिया, लग्नाचा,
हूक तेवढे लावायचे राहिले होते.
पाय मोडलाय हे तिसऱ्या नंबरावर कळलं.

बस्तवाडकर वकील म्हणाले, असं लिहायचं नसतं.
‘अर्जदार वेदनेने विव्हळत होती’ असं लिहायचं.
विव्हळले की. रात्री. घरचे झोपल्यावर.

गळ्यात टेप होता.
तो काढायचं ध्यानातच राहत नाही, जेवतानाही असतो.
कुणी हात देईपर्यंत बसल्याबसल्या
मी भोक मोजलं.
अठरा बाय चोवीस.
मग टेप खाली सोडला,
पंचेचाळीस इंचाला ओला झाला.
का मोजलं, मला विचारू नका.
तीस वर्षं समोर येईल ते मोजत आलेय.

महापालिकेच्या खिडकीत शिवलीला म्हणून एक पोरगी.
अर्ज कन्नडमधून, माझं कन्नड बाजारापुरतं.
तिनं पेन उघडलं, माझ्या काठीकडे बघितलं.
‘बिद्रा?’
‘बिद्दे,’ मी म्हटलं.
पुढचं सगळं तिनंच लिहिलं.
मी म्हटलं, गटार लिही हं.
म्हणाली, आमच्यात चरंडी.
वास तोच की गं, मी म्हटलं,
आणि शिक्का मारता मारता ती हसली.

मग इंजिनिअर आला, कागद बघितला,
म्हणाला, लाइटच्या खांबापलीकडं कॅम्प सुरू होतो.
तिकडं विचारा.
कॅम्पाचे साहेब म्हणाले, फरशी आमची असेल,
पाणी महापालिकेचं. पडलात कशात? पाण्यात.
मी आठवून आठवून सांगितलं,
डावा पाय कॅम्पात होता, उजवा महापालिकेत.
मोडला डावा.
हद्दीच्या गोष्टी आम्हाला नव्या नाहीत,
मामा त्यापायी पाच दिवस आत बसून आला होता,
आल्यावर आजीनं त्याला ओवाळलं होतं.
पण दोन फरश्यांच्या फटीएवढी हद्द
मी पहिल्यांदाच बघितली.

नुकसान किती मांडायचं?
प्लास्टर, दोन स्क्रू, रिक्षाची पन्नास खेपांची भाडी.
मशीन पायाचं आहे, म्हणजे अडीच महिने
ब्लाउज शून्य, फॉल शून्य,
आणि ते दिवस नेमके लग्नाचे.
‘मानसिक त्रास’ या रकान्यापुढं वकील थांबले.
किती टाकू?
मोतिया ब्लाउजवरचा डाग निघाला नाही,
मुलगी दुसऱ्याच कुणाचा तरी ब्लाउज घालून बोहल्यावर चढली,
काखेत सैल.
फोटोत दिसतंय. मला दिसतंय.
याचे किती होतात?
बाकीचे लिहितात तेवढे लिहा, मी म्हटलं.

नोटीस गेली त्याच्या चौथ्या सकाळी
भोक नव्हतं.
नवी फरशी, सिमेंट ओलं,
त्यावर कुत्र्याची तीन पावलं.
वर्षभर सगळ्या गल्लीनं अर्ज केले होते तेव्हा नाही,
आणि आता एका रात्रीत.
मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू,
समोरच्या बालवाडीची पोरं तिथूनच जातात.
वकील मात्र कपाळाला हात लावून बसले.
पुरावा बुजवला म्हणाले.
पानवाल्यानं काढलेल्या फोटोत
अर्ध्यावर त्याचाच अंगठा आलेला.

तेव्हा मी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला.
पंचेचाळीसपर्यंत काळपट डाग,
दोनदा साबण लावूनही न गेलेला.
त्यांनी तो उलटसुलट बघितला,
लिफाफ्यात घातला, लाख लावली, नंबर दिला.
माझा टेप आता कोर्टात असतो.

पुढची तारीख सतरा. त्याआधीची साहेब रजेवर होते.
खडेबाजारातून नवा टेप आणलाय, पिवळा, कडक,
गळ्यात घातला की मानेला टोचतो.
परवा मुचंडीबाई आल्या, धाकटीचं ठरलंय म्हणाल्या,
काही न बोलता हात वर करून उभ्या राहिल्या,
जशा मापाला राहतात तशा.
तुमचं नाही, तिचं माप पाहिजे, मी म्हटलं.
हो की, म्हणाल्या,
आणि हात तसेच ठेवून
माझ्या पायाकडे बघत राहिल्या.